पाठमोरे मामा

त्या माणसाबद्दल माझी एक तक्रार आहे. इतकी वर्षं मी ती कुणापाशी बोललो नाही. ज्याच्या तोंडावर बोलायची तो राहिला नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगावी तर लोक हसणार. म्हणणार, दलालानं मापाऱ्याची तक्रार करायची म्हणजे नवलच झालं. हसोत. माझी तक्रार खरी आहे.

मोताळ्याच्या कापूस-बाजारात ते मापारी होते. बंडी आली की बोजे काट्याला लावायचे, काटा ठरला की वजन पुकारायचं, एवढं त्यांचं काम. सगळा बाजार त्यांना मामा म्हणे. अंगानं काटकुळे, डोक्याला पांढरा रुमाल, आणि आवाज असा की सरकीच्या ढिगाआडच्या माणसालाही ऐकू जावा. पण पुकारायचे एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर सांगायचे नाहीत.

एकदा मलकापूरच्या एका जिनिंगचा नवा एजंट आला होता. परगावचा माणूस, त्याला मामांची रीत माहीत नव्हती. मामांनी वजन पुकारलं, त्याच वेळी कुणाचा तरी बैल हंबरला.

"क्या बोला?" एजंटानं विचारलं.

"आयकाचं होतं," मामा म्हणाले.

"अरे, बैल ओरडला ना! फिरसे बोलो."

"पुन्हा सांगत नाई मी. पुन्हा तोलून देतो."

आणि खरंच त्यांनी उतरवलेले सगळे बोजे पुन्हा काट्याला लावले. एकेक. ऊन डोक्यावर, मागे बंड्यांची रांग, शेतकरी शिव्या देताहेत, हमाल कपाळाला हात लावताहेत. मी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होतो, कारण रांगेत माझ्या अडतीच्या चार बंड्या होत्या. मामांच्या कपाळावर आठी नाही. शेवटचा बोजा उतरला, मामांनी पुन्हा तेच वजन पुकारलं. या वेळी एजंट कानामागे हात लावून उभा होता, आणि बाजारात बैलसुद्धा गप्प होते.

मी नंतर त्यांना म्हणालो, "मामा, एक शब्द पुन्हा बोलले असते तं जीभ झिजली असती का?"

ते म्हणाले, "दुसऱ्यांदा सांगतलं का लोक पह्यल्यांदा आयकनं सोडतेत."

हातात येईल ते जोखायची त्यांना सवय होती. वांगं, तांब्या, दुसऱ्याची पगडीसुद्धा. बाळंतीण उठली की बायका मूल घेऊन त्यांच्या दारी येत आणि ते दोन्ही तळहातांवर मूल घेऊन डोळे मिटून वजन सांगत. माझी मुलगी नेली तेव्हा म्हणाले, "अडीच शेर. बापावर नाई गेली."

मी चिडलो. "बापावर गेली असती तं काय झालं असतं?"

"असती दोन शेर, अन् सांगतली असती अडीच."

सगळ्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. माझी बायकोही. घरी गेल्यावर मी जेवलो नाही.

मी हमाली करून वर आलो आहे. पाठीवर बोजे वाहिले, मग दुसऱ्याच्या अडतीवर राहिलो, मग स्वतःची गादी घातली. मला कुणी काही फुकट दिलं नाही, आणि सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलं नाही. माझा धंदाच तो. सांगायचा भाव वेगळा, द्यायचा वेगळा. समोरचा नाही म्हणतो, उठतो, पाठमोरा होतो, दहा पावलं जातो. मग आपण हाक मारायची, किंवा तो वळून बघतो. जो आधी वळला किंवा ज्यानं आधी हाक मारली, त्याचं नुकसान. यात फसवणूक नाही. दोन्ही बाजूंना ही रीत ठाऊक असते.

मामांना ठाऊक होती, पण ते पाळत नसत. तिथंच आमचं पहिल्यांदा वाजलं.

मोताळ्यात आम्हा बाजारवाल्यांचं एक धर्मादाय मंडळ होतं. लग्नाला लागणारे मोठे तांब्याचे गंज, पराती, झारे, सतरंज्या एवढीच त्याची इस्टेट. ज्याच्या घरी कार्य आहे आणि वरण शिजवायला भांडं नाही, त्यानं यावं, न्यावं, आणून द्यावं. भाडं नाही, चिठ्ठी नाही. हे मंडळ मामांनी उभं केलं. पहिला गंज त्यांनी स्वतःच्या घरातला दिला होता. तेव्हापासून अध्यक्ष तेच, कोठीची किल्ली त्यांच्याच करगोट्याला.

एका मोडलेल्या घराच्या लिलावात मी एक अवजड गंज घेतला आणि मंडळाला विकायला नेला. तिप्पट भाव सांगितला. म्हटलं, म्हातारा निम्म्यावर आणेल, मग थोडं वर-खाली होऊन मिटेल. मामांनी बोटाच्या पेरानं गंज वाजवला, कान लावून ऐकला आणि म्हणाले, "बरं." लगेच कनवटीला हात घातला. पैसे मंडळाचे नव्हते, त्यांचे होते.

"मामा, काही म्हना ना!" मी म्हणालो.

"काय म्हनू? तू म्हनलं, मी आयकलं."

"पन असा भाव कोनी देते का?"

"मंग सांगतला कायले?"

मी पैसे घेऊन घरी आलो. तीन दिवस घास उतरेना. मला कुणी लुटलं असतं तर मी भांडलो असतो, पण हे काय होतं? चौथ्या दिवशी मी माझ्या घरचा दुसरा गंज डोक्यावर घेतला आणि भर बाजारातून कोठीवर नेऊन ठेवला.

"याचा काय भाव?" मामांनी विचारलं.

"काही नाई."

"एकदा म्हनलं?"

"म्हनलं."

"मंग मंडळात ये," ते म्हणाले. अशा रीतीनं मी मंडळाचा सभासद झालो. अजून मला कळत नाही की त्या दिवशी कुणी कुणाशी सौदा केला.

कोठीच्या दाराशी ज्वारीचं एक पोतं असे. रिकामं भांडं कुणाच्या घरी धाडू नये, हे आपल्याकडे सगळेच मानतात. शेजारणीची वाटी परत करताना आपण त्यात चिमूटभर साखर तरी घालतोच. मामांनी तो मंडळाचा कायदा केला होता. कोठीतून गंज निघाला की त्यात पोत्यातली एक मूठ ज्वारी पडे. परत येताना नेणाऱ्यानं त्याच्या घरची मूठभर कसली तरी वस्तू घालून आणायची. कुणी तूर आणी, कुणी मीठ. एका म्हातारीनं चिंचेची दोन बुटुकं आणली, तीही मामांनी मान लववून घेतली. ज्वारी आली की पुन्हा त्याच पोत्यात जाई. त्यामुळे ते पोतं कधी भरलं नाही आणि कधी रिकामंही झालं नाही. मामा म्हणत, "या पोत्यात कोनाची मूठ कोनती, थे मलेबी जोखता येत नाई."

याच पोत्यावरून सगळं झालं.

त्या वर्षी वैशाखात महारवाड्यातला एक म्हातारा आला. नातीचं लग्न होतं. तो कोठीशी आला नाही, सडकेच्या पलीकडे उभा राहिला. तोवर तिकडून कधी कुणी आलं नव्हतं. मामा आतून गंज घेऊन निघाले, त्यात मूठ घातली आणि सडक ओलांडून त्याच्या हातात दिला. लग्न झालं. गंज घासून पुसून लखलखीत होऊन आला, आत मूठभर ज्वारी. मामांनी ती पोत्यात ओतली. हे मी माझ्या गादीवरून पाहिलं. आणखी कुणी कुणी पाहिलं, ते मला ठाऊक नव्हतं.

तुळशीचं लग्न लागलं आणि सराईतलं पहिलं कार्य पाटलाच्या घरी निघालं. कोठीतून पाच गंज गेले, प्रत्येकात मूठ. संध्याकाळच्या आत पाचही परत आले. पाटलाच्या गड्यांनी ते दारात उपडे केले, ज्वारी मातीत सांडली आणि गडी निघून गेले. काय झालं ते सगळ्या बाजाराला कळलं. मामा खाली बसले आणि दाणा दाणा वेचू लागले. मी म्हणालो, "मामा, सोडा ना, पाखरं खातीन." ते वेचतच राहिले. वेचलेले दाणे सुपात घेऊन फुंकले आणि पोत्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोठीत बैठक बसली. मामा आले ते काखेत गाठोडं घेऊन. मंडळात एक किराणा दुकानदार होता, उधारीवर सगळ्या गावाला धरून असलेला. त्यानंच सुरुवात केली.

"मामा, तुमच्या शब्दाबाहेर आमी नाई. पन तिकडची भांडी वेगळी ठेवा अन् पोतं वेगळं करा. नाई तं लोक मंडळाचं भांडं घरात घेनार नाईत."

मामा म्हणाले, "भांडी वेगळी झाली तं मी इथं नाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिटवामिटवी करण्यात माझ्यासारखा कुणी नाही, हे त्यांना माहीत होतं. मी खरं सांगतो. भांडं कुणी वापरलं, याचं मला स्वतःला काही वाटत नव्हतं. पण पाटलाचा आणि त्याच्या भावकीचा सगळा कापूस माझ्या अडतीला येई. मी म्हणालो, "मामा, असं करू. दोनच गंज त्यायच्यासाठी बाजूले काढू, खूण घालून ठेवू. बाकी सारं तुमच्या मनानं. पोतंबी एकच ठेवू."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तू भाव करून राह्यला का रे?"

"भाव नाई मामा. मधला मार्ग काढतो."

"दोन गंज कमी, का तीन गंज जास्ती, असं?"

"तसंच काऊन समजता?"

ते उठले. करगोट्याची किल्ली सोडून एका उपड्या परातीवर ठेवली. गाठोडं काखेत घेतलं. त्यांची मुलगी तिकडे घाटावर बीबी गावाला दिलेली होती, ती त्यांना कधीची बोलावत होती. उंबऱ्यावर उभे राहून ते म्हणाले, "जातो."

किराणेवाला दचकला. आपल्याकडे निघताना असं कुणी म्हणत नाही. "मामा, येतो म्हना!"

"एकदा म्हनलं," मामा म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

किराणेवाला उठायला लागला. मी त्याचा हात दाबून त्याला खाली बसवलं. हीच माझी चूक, आणि हाच माझा धंदा. मला वाटलं, म्हातारा शेवटी शिकला. किल्ली ठेवली, गाठोडंसुद्धा संगं आणलं, सौदा चांगला रंगवला आहे. आता पाठमोरा झाला, कोठीसमोरच्या चिंचेपर्यंत जाईल, तिथं पाय अडखळेल. आपण हाक मारली तर पोतं एक, भांडी एक, सगळं त्याच्या मनासारखं करावं लागेल. गप्प बसलो तर उद्या-परवा तो दोन गंजांवर येईल. पाठमोऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचं नसतं. बघणाराचा भाव उतरतो. म्हणून मी दाराकडे पाठ केली आणि सतरंजीच्या सुटलेल्या दशा ओढत बसलो.

"गेले ना बे ते!" थोड्या वेळानं किराणेवाला म्हणाला.

"येतीन," मी म्हणालो. "आठ दिवस काढा."

आठ दिवस गेले. दोन गंजांवर मी मलकापूरच्या तांबटाकडून फुली कोरून आणली. किल्ली माझ्याकडे आली, कारण ती घ्यायला दुसरं कुणी तयार होईना. पाटलाच्या बंड्या आल्या, हंगाम जोरात होता. रोज वाटे, उद्या बीबीला जाऊ. मग वाटे, अजून चार दिवस. आत्ता गेलो तर म्हातारा समजेल की आपण हरलो. संक्रांत गेली, होळी गेली. ज्वारीच्या मुठी मी चालू ठेवल्या होत्या, पण लोक परत आणताना विसरू लागले आणि मीही कुणाला टोकलं नाही. पोतं तळाला गेलं. उन्हाळ्यात बीबीहून जावयाचं कार्ड आलं. मामा आठ दिवसांच्या तापात गेले होते.

मग मी बीबीला गेलो. मोताळ्याहून बीबी म्हणजे घाट चढून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं. मामांच्या मुलीच्या पोरांसाठी डब्यात पेढे नेले होते. मुलगी बापासारखीच काटकुळी. ती रडली नाही, मला दोष दिला नाही. मी विचारलं, "मामा मोताळ्याचं काही बोलत होते का?"

"नाही," ती म्हणाली. "सडकेवर मोटार वाजली की बाहेर जाऊन उभे राहायचे. तेवढंच."

"कोणत्या मोटारीची वाट पाहायचे?"

"आम्ही विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलेलं त्यांना आवडत नव्हतं."

निघताना तिनं माझा डबा परत दिला. जड लागला म्हणून उघडून पाहिला. आत मूठभर ज्वारी होती. ती म्हणाली, "आमच्याकडं रिकामं देत नाहीत." मी तो डबा तसाच घरी आणून फडताळात ठेवला.

दिवाळी झाल्यावर कल्हईवाला चाचा आला. तो वर्षातून एकदाच येई, मोटारी थांबतात तिथं लिंबाखाली भाता लावून पंधरा दिवस राही, गावाची आणि मंडळाची भांडी करून पुढच्या गावाला जाई. मी कोठी उघडून सगळे गंज बाहेर काढले. फुली मारलेले दोन त्यानं उलटेपालटे करून पाहिले आणि बाजूला सारले.

"इनको कल्हई कायको? इनको तो सालभर आग नहीं लगी, दलालसाब."

खरंच होतं. सडकेपलीकडे त्यानंतर कुणीही येऊन उभं राहिलं नव्हतं. त्यांनी लग्नं कशी केली, कुणाला ठाऊक.

"मामा किधर हैं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं भाता थांबवला, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "वो दिन मैं यहींच था. दूसरे दिन मेरा डेरा उठा. मामा यहां आके बैठे, मेरे बाजूमें. बुलडाणे की मोटार आयी. ड्रायवर बोला, चलो मामा. मामा बोले, दुसरीनं जातो."

"जागा नव्हती काय?"

"पूरी खाली थी. फिर दूसरी आयी. वो भी छोड दी. मैं बोला, मामा, कायको बैठे रहते? वो उधर मुंह करके बैठे थे." त्यानं सांडशीनं दाखवलं. सांडशीच्या टोकाला सरळ रेषेत चिंच होती, चिंचेमागे कोठीचं दार. "शाम की आखरी मोटार आयी, तब उठे. दलालसाब, आपने आवाज कायको नहीं दी?"

ही माझी तक्रार आहे. जन्मभर ज्या माणसानं भाव केला नाही, सांगितला तो भाव दिला, एक बोलला ते दुसऱ्यांदा बोलला नाही, त्यानं एकदाच, एकच दुपार, आमच्यासारखं केलं. पाठमोरा होऊन हाकेची वाट पाहिली. आणि ते नेमकं माझ्यासमोर केलं, ज्याला पाठमोऱ्या माणसाकडे न बघायची सवय. त्यांनी सवयीप्रमाणे सरळ निघून जायचं होतं, म्हणजे मला दोष राहिला नसता. किंवा एकदा खाकरायचं तरी होतं. मी माझ्या रीतीला चिकटून राहिलो आणि त्यांनी त्यांचा शब्द तीन मोटारी खोटा ठरवला, हे मला कुणी सांगितलं होतं?

मी चाचावरच ओरडलो. म्हणालो, वर्षभर कुठी मेला होता तू, एक निरोप धाडता आला नाई? त्यानं ऐकून घेतलं. मग मी त्याला म्हणालो, "या दोन गंजांवरची फुली काढ."

त्यानं अंगठा फिरवून पाहिला. "नहीं निकलती. तांबा कट गया. ठोका तो बर्तन पतला हो जाएगा."

"छिन्नी आहे ना तुझ्याजवळ, नाव घालायची?"

"है."

"मग बाकीच्या साऱ्यायवर मार. हीच फुली. एकबी सोडू नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि छिन्नी काढली. दुपारभर लिंबाखाली ठोकाठोकी चालली होती. किराणेवाला दुकान सोडून पळत आला. "हे काय करून राह्यला बे? आता कोनतं कोनाचं, कसं ओळखू येईन?"

"नाईच येनार," मी म्हणालो.

"मंडळ मोडलं समज!"

"एकदा म्हनलं," मी म्हणालो.

किराणेवाल्यानं मंडळ सोडलं. पाटलाच्या बंड्या त्या हंगामात माझ्या दारी आल्या नाहीत, अजून येत नाहीत. फडताळातला डबा काढून मी बीबीची मूठ पोत्यात टाकली आणि वर घरची पायलीभर ज्वारी घातली. पुढच्या वैशाखात सडकेपलीकडे कुणी येतं का, म्हणून मी रोज बघत होतो. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तोच म्हातारा आला, दुसऱ्या नातीचं लग्न घेऊन. मी गंज घेऊन सडक ओलांडली. त्यानं आत मूठ पाहिली आणि विचारलं, "मापारीमामा कुठी गेले?"

मी म्हणालो, "बीबीले."

बाजारात अजून मी तसाच आहे. गिऱ्हाईक उठलं, पाठमोरं झालं की मी त्याच्याकडे बघत नाही. धंदा आहे. पण मोटारी थांबतात त्या बाजूला कुणी चालू लागला तर मी गादीवरून उठतो, आणि तो चिंचेपर्यंत पोचायच्या आत हाक मारतो. भावात मार खातो. लोकांना आता हे कळलं आहे. शहाणी गिऱ्हाइकं मुद्दाम त्याच बाजूनं निघतात.